प्रयोगशाळेतील सैनिक : आचार्य प्रफुल्लचंद्र राय

(कॅडेट, इयत्ता दहावी)

आमच्या शाळेत दोन जागा अशा आहेत, जिथे पाऊल टाकण्यापूर्वी नियम पाठ असावे लागतात. एक फायरिंग रेंज आणि दुसरी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. रेंजवर लाल झेंडा फडकत असताना कोणी टार्गेटच्या बाजूला जात नाही. रायफलचे तोंड कायम टार्गेटकडे असते आणि हुकूम मिळेपर्यंत बोट ट्रिगरला लागत नाही. हे नियम आम्ही कोणीच मोडत नाही, कारण गोळी काय करते हे सहावीतल्या कॅडेटलाही सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेच्या दारावरही नियमांचा तक्ता आहे. तो मात्र आमच्यापैकी बरेच जण परीक्षेपुरता वाचतात. गॉगल कपाळावर चढवून ठेवतात. काचेच्या नळीतले चार थेंब आपले काय बिघडवणार, असे वाटते.

यंदा मराठी पानासाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सरांनी सांगितले, तेव्हा मी आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची निवड केली. भारतातील आधुनिक रसायनशास्त्राचे ते जनक मानले जातात. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आमच्या ग्रंथालयात आहे. ते वाचताना मला जाणवले की दारावरच्या त्या तक्त्यातील जवळजवळ प्रत्येक नियम या एका माणसाच्या आयुष्यात कुठे ना कुठे भेटतो. काही नियम त्यांनी सुदैवाने शिकले, काही भांडून मिळवले आणि एका नियमाची किंमत त्यांच्या एका तरुण सहकाऱ्याने प्राण देऊन चुकवली.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातील राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार होते आणि त्यांना पुस्तकांचा फार नाद होता. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून ते कुटुंब घेऊन कोलकात्याला आले. प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये शिकू लागले. पण १८७४ मध्ये त्यांना आमांशाने गाठले आणि शाळा सोडावी लागली. जवळजवळ दोन वर्षे ते घरीच होते. त्या काळात त्यांनी वडिलांच्या कपाटातील पुस्तके एकामागून एक वाचून काढली. पोटाचे दुखणे त्यांना जन्मभर पुरले. आपल्यासारख्यांना पीटीला दांडी मारायला तेवढे कारण पुरले असते. त्यांनी मात्र खाणे, झोपणे, फिरणे यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे बांधून घेतल्या आणि त्याच अशक्त शरीराकडून ब्याऐंशी वर्षे काम करून घेतले.

पुढे ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे विज्ञान शिकवण्याची पुरेशी सोय नव्हती, म्हणून रसायनशास्त्राच्या तासांना ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन बसत. तिथले प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर वर्गात प्रयोग करून दाखवत आणि त्यांचा हात अतिशय सफाईदार होता. ते प्रयोग पाहून प्रफुल्लचंद्रांना रसायनाचे वेड लागले. वर्गात पाहिलेले घरी करून बघावे, असे त्यांना आणि त्यांच्या एका वर्गमित्राला वाटू लागले. त्या मित्राच्या बिऱ्हाडी दोघांनी एक छोटी प्रयोगशाळाच थाटली.

इथे पहिला धडा आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र जाळले की अत्यंत प्रखर ज्योत मिळते. तशी ज्योत देणारी फुंकनळी या दोघांनी तयार करवून घेतली. पत्र्याची भांडी डाग देऊन सांधणारा एक फिरता कारागीर गाठला आणि साध्या पातळ पत्र्याचे उपकरण बनवले. व्हायचे तेच झाले. उपकरणाचा स्फोट झाला. दोघांनाही इजा झाली नाही, हे केवळ नशीब.

हा स्फोट का झाला असेल, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळण्यासारखे आहे. हायड्रोजन एकटा शांतपणे जळतो. त्यात ऑक्सिजन किंवा हवा मिसळली आणि मग ठिणगी पडली, की सगळे मिश्रण एका क्षणात पेट घेते. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन हे तर सर्वांत धोक्याचे प्रमाण. म्हणून चांगल्या फुंकनळीत दोन्ही वायू वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि अगदी टोकाशी, ज्योतीतच, एकमेकांना भेटतात. डाग दिलेला सांधा जरा जरी गळला, तरी ते आतच मिसळू शकतात. आजही हायड्रोजन पेटवण्यापूर्वी सर परीक्षानळीत थोडा वायू घेऊन, ती नळी दूर नेऊन तपासायला लावतात. मोठा आवाज आला तर उपकरणात अजून हवा आहे, असे समजून थांबायचे. शांतपणे जळला तरच पुढे जायचे. ही दोन मिनिटे वाया जातात असे आपल्याला वाटते. पण ती दोन मिनिटे म्हणजे रायफल उचलण्यापूर्वी चेंबर रिकामा आहे ना, हे पाहण्यासारखे आहे.

१८८२ मध्ये प्रफुल्लचंद्रांना गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात गेले. तिथे अलेक्झांडर क्रम ब्राऊन हे त्यांचे गुरू होते. शिकत असतानाच १८५७ च्या उठावापूर्वीचा आणि नंतरचा भारत या विषयावरील निबंधस्पर्धेत त्यांनी भाग घेतला आणि ब्रिटिशांच्याच देशात राहून ब्रिटिश राज्यकारभारावर सडेतोड टीका केली. बक्षीस मिळाले नाही, पण त्यांनी तो निबंध छापून वाटला. १८८७ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली आणि १८८८ मध्ये ते मायदेशी परतले.

इतकी मोठी पदवी असूनही जवळजवळ वर्षभर त्यांना नोकरी नव्हती. शिक्षण खात्यातील वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या होत्या. या काळात जगदीशचंद्र बोस आणि त्यांच्या पत्नी अबला यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे चरित्र निवडले, ती सांगतो. प्रेसिडेन्सी कॉलेजची तेव्हाची रसायनशाळा जुनी आणि अपुरी होती. विद्यार्थी वाढत होते, पण हवा खेळण्याची सोय नव्हती. प्रात्यक्षिकाचा तास ऐन रंगात आला की खोली धुराने आणि वायूंनी कोंदून जाई. पावसाळ्यात तर श्वास घेणे कठीण होई. त्या काळी अज्ञात क्षारातील धातू ओळखण्यासाठी त्याच्या द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडत. तांबे असेल तर काळा साका, कॅडमियम असेल तर पिवळा, अँटिमनी असेल तर नारिंगी. दिसायला सुरेख प्रयोग, पण तो वायू विषारी असतो. त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. फसवी गोष्ट अशी की वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला, असे ज्याला वाटते तोच सर्वांत मोठ्या धोक्यात असतो.

नव्याने लागलेल्या, कमी पगाराच्या, हिंदी प्राध्यापकाने अशा वेळी काय करावे? बहुतेकांनी रुमाल नाकाला लावून तास घेतला असता. प्रफुल्लचंद्रांनी प्राचार्य टॉनी यांना बोलावून आणले आणि प्रात्यक्षिक चालू असताना त्या खोल्यांतून फिरवले. विद्यार्थ्यांच्या आरोग्याला हे घातक आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. टॉनीसाहेबांची फुप्फुसे मुळातच नाजूक होती. काही मिनिटे ती हवा छातीत गेल्यावर ते घाईघाईने बाहेर पडले आणि त्यांनी शिक्षण संचालकांना खरमरीत पत्र लिहिले. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याला हे कळले तर विद्यार्थ्यांचे आरोग्य धोक्यात घातल्याबद्दल तो आपल्यावर खटला भरेल, अशा अर्थाचे ते पत्र होते.

मला यातली युक्ती फार आवडते. प्रफुल्लचंद्रांनी लांबलचक अर्ज केला नाही, आवाज चढवला नाही आणि वरिष्ठाचा अपमानही केला नाही. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला प्रत्यक्ष जागेवर नेऊन उभे केले, एवढेच. आपण धोक्याची खबर योग्य वरिष्ठाकडे पोहोचवणे याला रिपोर्टिंग म्हणतो. त्यांनी केले ते अगदी तेच.

त्यांचे काम इथे थांबले नाही. एडिंबराच्या नव्या रसायनशाळेची माहिती आणि आराखडे त्यांच्यापाशी होते. पेडलर आणि प्रफुल्लचंद्र या गुरुशिष्यांनी त्यांच्या आधारे नव्या प्रयोगशाळेची आखणी केली आणि १८९४ मध्ये रसायन विभाग नव्या इमारतीत गेला. कोणत्या खोलीत किती जण उभे राहणार, वायू कुठून बाहेर जाणार, याचा विचार आता भिंती उभ्या राहण्यापूर्वी झाला होता. आज विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत विषारी वायू ओढून घेणारे काचेचे कपाट असते. त्याला फ्यूम हूड म्हणतात. त्याची काच खाली ओढून, हात तेवढे आत घालून काम करायचे असते. त्यामागचा विचार हाच आहे. माणसाने धाडसाने श्वास रोखून धरण्यापेक्षा खोलीनेच त्याची काळजी घ्यावी.

याच प्रयोगशाळेत १८९६ मध्ये त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध लागला. पाऱ्यावर थंड, सौम्य नायट्रिक आम्ल सोडले असता भांड्यात पिवळे स्फटिक जमलेले त्यांना दिसले. दुसरा एखादा असता तर काहीतरी घाण जमली म्हणून धुऊन टाकले असते. त्यांनी ते तपासले आणि तो मर्क्युरस नायट्राइट हा संयुग निघाला. तो इतका सहज आणि टिकाऊ स्वरूपात मिळेल, असे कोणाला वाटले नव्हते. पुढची अनेक वर्षे ते नायट्राइटांवर काम करत राहिले. १९१२ मध्ये नीलरतन धर यांच्यासारख्या शिष्यांबरोबर केलेले अमोनियम नायट्राइटवरील काम त्यांनी लंडनमध्ये मांडले. हा पदार्थ फार चंचल आहे. तापवला की त्याचे पाणी आणि नायट्रोजन होते, आणि हे वेगाने घडले तर स्फोट होतो. त्यांनी तो निर्वातात, हलक्या उष्णतेने सांभाळून वाफेत रूपांतरित केला आणि त्या वाफेची घनता मोजून दाखवली. ज्या मुलाची पत्र्याची फुंकनळी फुटली होती, तोच आता जगाला हाताचा संयम दाखवत होता.

दरम्यान त्यांनी आणखी एक मोठे काम हाती घेतले होते. पदवीधर तरुण नुसत्या कारकुनीमागे धावतात आणि साधी औषधेसुद्धा विलायतेहून येतात, हे त्यांना सलत होते. म्हणून १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ९१ अप्पर सर्क्युलर रोड येथील आपल्या भाड्याच्या घरात, काहीशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी औषधांचा कारखाना सुरू केला. तोच पुढे बेंगाल केमिकल म्हणून नावारूपाला आला आणि १९०१ मध्ये मर्यादित कंपनी झाला. कॉलेज सुटल्यावर ते घरी येत आणि रात्री उशिरापर्यंत औषधे करत.

या कारखान्याची एक गोष्ट वाचून मला खूप हसू आले. फॉस्फेट तयार करायला हाडे लागत. ती त्यांनी राजाबाजारच्या खाटकांकडून आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. नेमका अवेळी पाऊस आला. हाडांना चिकटलेले मांस सडले, किडे पडले, कावळे जमले आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. आरोग्य खात्याची माणसे दारात आली. मग हाडे मोकळ्या जागेत नेऊन रात्री जाळली, तर कोणी प्रेत तर जाळत नाही ना, या संशयाने पोलीस आले. ती गुरांची हाडे आहेत, हे पटल्यावर ते गेले. हसू आले तरी मुद्दा खरा आहे. प्रयोगशाळेत काय आणायचे, याबरोबर उरलेल्याचे काय करायचे, हेही आधी ठरवावे लागते. आज विद्यापीठांत आम्ल, तेलकट द्रावके, जड धातू यांचा कचरा वेगवेगळ्या, नाव लिहिलेल्या बरण्यांत जमा करतात. सगळे बेसिनमध्ये ओतून नळ सोडला की काम झाले, असे नसते.

पण याच कारखान्याची दुसरी आठवण वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. डॉक्टर अमूल्यचरण बोस हे प्रफुल्लचंद्रांचे भागीदार होते. रसायनशास्त्रात एम.ए. झालेला सतीशचंद्र सिंह हा उत्साही तरुणही या कामात येऊन मिळाला. प्रफुल्लचंद्रांना हवा होता तसाच हा शिकलेला माणूस होता. त्याने नोकरीची वाट सोडून कारखान्याची वाट धरली होती. काही काळातच, प्रयोगशाळेत काम करत असताना, हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होऊन त्याचा अपघाती मृत्यू झाला.

हे आम्ल म्हणजे काय, ते मी मुद्दाम समजून घेतले. त्या काळी ते अत्यंत सौम्य करून औषधांत वापरत, म्हणून औषधशाळेत ते असे. शुद्ध स्वरूपात ते सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते. कोलकात्याची दुपार याहून कितीतरी गरम असते. त्याची वाफ श्वासावाटे शरीरात गेली की रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. माणूस हवेत उभा असून आतून गुदमरतो, आणि हे काही मिनिटांत घडू शकते. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण तो वास कित्येकांना येतच नाही. हे आम्ल प्रथम वेगळे केले स्वीडनच्या कार्ल शील या रसायनतज्ज्ञाने. नवे पदार्थ चाखून पाहण्याची त्याला सवय होती आणि वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी तो वारला.

सतीशचंद्र गेल्यावर सारा भार प्रफुल्लचंद्र आणि अमूल्यचरण यांच्यावर आला. १८९८ मध्ये कोलकात्यात प्लेग आला. अमूल्यचरण डॉक्टर म्हणून रोग्यांकडे जात होते. त्यातच त्यांना लागण झाली आणि तेही गेले. प्रफुल्लचंद्र एकटे उरले. कारखाना बंद केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी तो चालू ठेवला. पुढे माणिकतला येथे मोठा कारखाना उभा राहिला, तिथे गंधकाम्ल तयार होऊ लागले. ज्या घरगुती जागेत एका माणसाच्या हातून सगळे होत असे, तिथून काम नीट बांधलेल्या जागेत, प्रशिक्षित माणसांच्या हाती गेले.

मी स्वतःला विचारले की सतीशचंद्र निष्काळजी होता का? तो एम.ए. होता. त्याला त्या आम्लाचे गुण आमच्यापेक्षा शंभरपट जास्त ठाऊक असणार. म्हणजे ज्ञान असणे पुरेसे नाही. जाणकाराचाही हात एखाद्या दिवशी चुकू शकतो, एखादे बूच सैल राहू शकते. त्या दिवसासाठीच नियम असतात. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत घातक पदार्थावर एकट्याने काम करू देत नाहीत. आपण त्याला बडी सिस्टिम म्हणतो. प्रत्येक बाटलीवर नाव आणि धोक्याचे चिन्ह असते. काम सुरू करण्यापूर्वी त्या पदार्थाचे सुरक्षा माहितीपत्रक वाचून, काही झाले तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. डोळे धुण्याचा नळ आणि अग्निशामक कुठे आहे, हे डोळे मिटून सांगता आले पाहिजे. आम्ल पाण्यात हळूहळू घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही, कारण त्या उष्णतेने आम्ल उकळून तोंडावर उडते. प्रयोगशाळेत खायचे नाही, प्यायचे नाही, काहीही चाखायचे नाही.

या शेवटच्या नियमाबाबत आचार्यांचीच एक गंमत आहे. हाडे जाळून केलेली पांढरी राख ते वर्गात दाखवत आणि त्यातली चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकत. ही राख म्हणजे शुद्ध कॅल्शियम फॉस्फेट; ती कोणत्या प्राण्याची होती याला आता काही अर्थ उरलेला नाही, हे त्यांना मुलांच्या मनावर ठसवायचे होते. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात हे धैर्याचे काम होते. पण आपण त्यांचे हे अनुकरण करू नये, असे मला वाटते. ती राख त्यांनी स्वतः जाळलेली होती आणि ती काय आहे हे त्यांना पक्के माहीत होते. आपल्या टेबलावरच्या पांढऱ्या भुकटीबद्दल आपल्याला तेवढी खात्री कधीच नसते.

महाराष्ट्राशीही आचार्यांचे जवळचे नाते होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले विधिमंडळाच्या कामासाठी कोलकात्यात राहत, तेव्हा दोघांचा मोठा स्नेह जमला. १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर तरुण मोहनदास गांधी सुमारे महिनाभर गोखल्यांकडे राहिले आणि तिथेच त्यांची व प्रफुल्लचंद्रांची ओळख झाली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कहाणी ऐकून प्रफुल्लचंद्रांनी जानेवारी १९०२ मध्ये गांधीजींचे व्याख्यान अल्बर्ट हॉलमध्ये घडवून आणले.

१९०२ आणि १९०९ मध्ये त्यांनी प्राचीन हिंदू रसायनाचा इतिहास दोन खंडांत लिहिला. त्यासाठी जुन्या संस्कृत पोथ्या जमवून वाचल्या. त्यांतील रसरत्नसमुच्चय या ग्रंथात रसशाळा कशी असावी, याचे वर्णन आहे. भट्ट्या आग्नेयेला, धुण्याचे काम पश्चिमेला, वाळवण्याचे वायव्येला, अशा जागा वाटून दिलेल्या आहेत. आग, पाणी आणि सुके जिन्नस एकमेकांपासून दूर ठेवावेत, हे शहाणपण आपल्याकडे किती जुने आहे, हे पाहून मला अभिमान वाटला. आमच्या प्रयोगशाळेत बर्नर एका ओट्यावर आणि स्पिरिटची बाटली दुसऱ्या टोकाच्या कपाटात का, हेही कळले.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाल्यावर ते कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राचे पहिले पालित प्राध्यापक झाले. महाविद्यालयाच्याच एका खोलीत ते राहू लागले. लग्न त्यांनी केले नव्हते. विद्यार्थी हेच त्यांचे कुटुंब. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकून गेले. १९२१ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला पुढचा सगळा पगार विद्यापीठाला रसायन विभागासाठी देऊन टाकला. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला, तेव्हा विज्ञान महाविद्यालयातूनच मदतकार्य चालले आणि या किरकोळ प्रकृतीच्या प्राध्यापकाने त्याचे नेतृत्व केले. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. १६ जून १९४४ रोजी विज्ञान महाविद्यालयातील त्याच खोलीत त्यांचे निधन झाले.

माझ्या बाबांचे पोस्टिंग काही काळ कोलकात्याला होते. सुट्टीत मी ती इमारत बाहेरून पाहिली आहे. अप्पर सर्क्युलर रोडला आता आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. मेट्रोच्या एका स्टेशनचे नावही बेंगाल केमिकल आहे. उतरणाऱ्या शेकडो लोकांपैकी सतीशचंद्र सिंहाचे नाव किती जणांना माहीत असेल? युद्धस्मारकावर आपण प्रत्येक शहिदाचे नाव कोरतो. प्रयोगशाळेत गेलेल्यांची नावे कुठेही कोरलेली नसतात. ती नियमांच्या रूपाने दारावरच्या तक्त्यात असतात.

मित्रांनो, आपल्यापैकी काही जण पुढे एनडीएत जातील, काही संशोधनाकडे वळतील. सैन्यातही आज रासायनिक अस्त्रांपासून बचाव, दारूगोळा, इंधन, बॅटऱ्या यांवर काम करणारे शास्त्रज्ञ आणि अधिकारी लागतात. तिथे शौर्य म्हणजे डोळे झाकून पुढे जाणे नव्हे. आचार्य राय विषारी वायूला घाबरून वर्ग सोडून पळाले नाहीत आणि तो वायू मुकाट्याने छातीत भरूनही घेतला नाही. त्यांनी खोली बदलून घेतली. पुढच्या प्रात्यक्षिकाला जाताना तक्त्यावरचा एक तरी नियम थांबून वाचा आणि तो कोणामुळे लिहावा लागला असेल, याचा विचार करा. मग गॉगल कपाळावरून डोळ्यांवर आपोआप येईल.